पात्रांची बदलती रूपे : अ‍ॅनिमेशनमधील आकृतिरेखनाचा आढावा

अ‍ॅनिमेशनच्या चित्रपटांतील आणि दूरचित्रवाणी मालिकांतील पात्रे दिवसेंदिवस एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसू लागली आहेत, अशी तक्रार गेली दहा-पंधरा वर्षे पाश्चात्त्य देशांत, आणि त्यांच्यामागोमाग आपल्याकडेही, वारंवार ऐकू येते. तक्रारदारांचा रोख कधी त्रिमितीय चित्रपटांतील नायिकांच्या विशाल डोळ्यांवर व चिमुकल्या नाकांवर असतो, कधी मालिकांतील पात्रांच्या शेंगेसारख्या वळलेल्या तोंडांवर असतो, तर कधी जुन्या लाडक्या पात्रांना नव्या निर्मात्यांनी चढविलेल्या नव्या रूपांवर असतो. या तक्रारीत तथ्य किती आणि गतकाळाविषयीची माया किती, याचा निवाडा करावयाचा तर ज्या शतकात ही कला घडली त्या शतकाचे दप्तर आधी उघडले पाहिजे. कारण आज ज्याला ऱ्हास म्हटले जाते त्यातील पुष्कळसे एके काळी धाडसी सुधारणा म्हणून गौरविले गेले होते.

एक गोष्ट प्रारंभीच ध्यानी घेणे अगत्याचे आहे. चित्रकाराने काढलेले व्यक्तिचित्र एकदा पुरे झाले म्हणजे झाले. अ‍ॅनिमेशनमधील पात्र मात्र सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने, आणि दर दोन चौकटींस एक चित्र वापरण्याची काटकसर केली तरी सेकंदाला 12 वेळा, पुन्हा पुन्हा काढावे लागते, आणि तेही एका हाताने नव्हे तर अनेकांच्या हातांनी, ज्यांतील प्रत्येकाच्या रेषेला स्वतःचे वळण असते. पात्राचे रूप ठरविणारा कलावंत, म्हणून, केवळ सौंदर्याचा विचार करीत नाही. इतरांना ते रूप न बिघडविता किती वेळा काढता येईल, याचाही हिशेब त्याला मांडावा लागतो. पुढील सर्व वाद या हिशेबाशी कोठे ना कोठे येऊन भिडतात, असे मला वाटते.

वर्तुळांचा काळ

विन्सर मकेची डायनोसॉर ‘गर्टी’ 1914 साली पडद्यावर आली तेव्हा एका प्रतिभावान चित्रकाराची तपशीलवार रेषा प्रेक्षकांना हलताना दिसली. परंतु नियमितपणे लघुपट पुरविणाऱ्या कारखान्यांना असली रेषा परवडणारी नव्हती. ‘फेलिक्स’ या मांजराचे काळेभोर, भरीव अंग आणि 1928 च्या ‘स्टीमबोट विली’मधील मिकी माउसचे वर्तुळांनी बनलेले डोके, कान व पोट ही त्या गरजेची अपत्ये होत. वर्तुळ कोणत्याही बाजूने पाहिले तरी वर्तुळच राहते आणि ते भराभर काढता येते, म्हणून अब आयवर्क्ससारखा शीघ्र हाताचा कलावंत एकटा विलक्षण वेगाने काम उपसू शकला. सांधे नसलेले, रबरी नळीसारखे वाकणारे हातपाय हे या काळाचे दुसरे लक्षण. हाडांची अडचण नसल्यामुळे शरीर संगीताच्या ठेक्यावर वाटेल तसे ताणता येई, आणि फ्लायशर बंधूंच्या न्यूयॉर्कमधील चित्रशाळेने या स्वातंत्र्याचा जितका मनमुराद उपभोग घेतला तितका अन्य कोणी क्वचितच घेतला असेल.

या काळाविषयी अभ्यासकांत एक गंभीर मतभेद आहे. मिकीच्या हातांत 1929 च्या ‘ऑप्री हाउस’पासून पांढरे हातमोजे आले; काळ्या अंगापुढे काळे हात दिसेनासे होत, म्हणून ही सोय करण्यात आली, असे परंपरेने सांगितले जाते. निकोलस सॅमंड यांनी 2015 मधील आपल्या ग्रंथात याहून खोल मूळ शोधले आहे. त्यांच्या मते हातमोजे, पसरलेले तोंड, वटारलेले डोळे आणि खोडकर बंडखोरी हे सारे, गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याच्या अमेरिकन रंगभूमीवरील प्रथेतून, थेट वारशाने आलेले आहे. दोन्ही कैफियती एकमेकींना खोडून काढतात असे नव्हे. सोयीखातर एखादी खूण उचलली गेली तरी ती कोठून उचलली गेली, हा प्रश्न उरतोच. त्याच प्रथेतील उघड उपहास पुढील लघुपटांतही टिकून राहिला, आणि त्यांपैकी अकरा चित्रे 1968 साली प्रसारणातून कायमची काढून घेण्यात आली, हे पाहता सॅमंड यांचा दावा सहजी बाजूस सारता येत नाही.

शरीराचा शोध

1933 च्या ‘थ्री लिटल पिग्ज’मध्ये तीन डुकरे जवळजवळ सारखी दिसत असूनही चालण्याबोलण्यावरून वेगवेगळी ओळखू येत. पात्राचा स्वभाव चेहऱ्यापेक्षा हालचालीत वसतो, ही जाणीव त्या लघुपटाने पक्की केली. डिस्नेच्या चित्रकारांना डॉन ग्रॅहम यांच्याकडून मानवी देहाच्या रेखनाची रीतसर तालीम मिळू लागली. जो ग्रँट यांच्या देखरेखीखाली पात्रांचे नमुने घडविणारे स्वतंत्र खाते उभे राहिले. आणि 1937 च्या ‘स्नो व्हाइट’साठी मार्जरी बेल्चर या तरुण नर्तिकेच्या हालचालींचे चित्रण समोर ठेवून नायिकेचा देह रेखाटला गेला. मात्र त्याच चित्रपटातील सात बुटके वर्तुळांच्या जुन्याच घराण्यातले राहिले. नायक-नायिका वास्तवाकडे झुकलेले आणि सोबतची पात्रे अतिशयोक्तीकडे, हा जो शिरस्ता येथे पडला तो पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालला, आणि त्यातील विसंगतीची चर्चा अद्याप संपलेली नाही.

मिकीलाही या सुमारास फ्रेड मूर यांनी नासपतीच्या आकाराचे शरीर आणि खरीखुरी बुबुळे दिली. त्याच्या एकूण रूपांतराविषयी जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांनी 1979 साली जे मांडले ते आजही या क्षेत्रातील सर्वाधिक उद्धृत होणारे विवेचन असावे. त्यांनी मिकीची चित्रे मोजली तेव्हा डोळ्यांचे डोक्याशी प्रमाण शेकडा 27 वरून 42 वर आणि डोक्याचे शरीराशी प्रमाण शेकडा 42.7 वरून 48.1 वर गेल्याचे आढळले. म्हणजे वय वाढण्याऐवजी मिकी उत्तरोत्तर बालक होत गेला. बालकाचे मोठे डोके, मोठे डोळे आणि फुगीर गाल पाहून मनुष्याच्या ठायी वात्सल्य जागे होते, हा कोनराड लोरेन्झ यांचा सिद्धान्त गुल्ड यांनी येथे लावला. तो पटण्याजोगा आहे. परंतु मिकी सौम्य झाला तो प्रेक्षकांच्या सहजप्रवृत्तीमुळे, की पालकांच्या तक्रारींमुळे व खेळण्यांच्या बाजारामुळे, हे केवळ मोजमापाने सिद्ध होत नाही.

सपाट रेषेची दोन कुळे

1941 साली डिस्नेच्या चित्रशाळेत संप झाला, आणि तेथून बाहेर पडलेल्या कलावंतांपैकी काहींनी पुढे यूपीए ही संस्था उभारली. पडदा सपाट आहे, चित्र सपाट आहे, मग गोलाईचा आभास निर्माण करण्याचा अट्टाहास कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. आधुनिक चित्रकला आणि भित्तिपत्रकांची कला यांतून स्फूर्ती घेऊन त्यांनी ‘जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग’ (1950) घडविला, ज्यात मोजक्या रेषांचा मुलगा कधी नुसत्या रंगाच्या पार्श्वभूमीवर उभा राहतो आणि मनाच्या अवस्थेबरोबर त्याच्याभोवतीचा रंग बदलतो. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. झाग्रेबच्या कलावंतांनी त्याच दिशेने स्वतःची वाट काढली, आणि त्यांच्यातील दुशान वुकोटिच यांच्या ‘सुरोगात’ने 1962 साली अ‍ॅनिमेशन लघुपटाचे ऑस्कर मिळवून त्या गटात अमेरिकेबाहेरचा पहिला मान पटकाविला. डिस्नेदेखील अलिप्त राहिले नाही. ‘स्लीपिंग ब्यूटी’ची (1959) कोनदार, उभट पात्रे आणि झेरॉक्सच्या साहाय्याने पेन्सिलीची खरबरीत रेषा थेट पारदर्शक पत्र्यावर उतरविणारा ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ (1961) ही त्याची साक्ष होय.

दुसरे कूळ मात्र जमाखर्चाच्या वहीतून जन्मले. चित्रपटगृहांतील लघुपटांचा धंदा बसू लागला तेव्हा हॅना आणि बार्बेरा यांनी 1957 साली दूरचित्रवाणीचा मार्ग धरला. तेथे वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा. एड बेनेडिक्ट यांनी योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय घातला त्यामागे केवळ विनोद नव्हता. त्या रेषेवर डोके धडापासून वेगळे करता येई, आणि धड जागच्या जागी ठेवून फक्त तोंड हलविता येई. वरवर पाहता यूपीएची पात्रे आणि योगी एकाच गोत्राचे वाटतात, आणि टीकाकारांनी दोहोंना पुष्कळदा एकाच तराजूत घातले आहे. वस्तुतः पहिल्या ठिकाणी सपाटपणा हे म्हणणे होते, दुसऱ्या ठिकाणी ती तडजोड होती. बेनेडिक्ट यांची तडजोड मात्र इतकी सुबक होती की तिच्या नमुन्यांवर नंतरच्या पिढ्यांनी मनापासून प्रेम केले, आणि ते प्रेम अस्थानी होते असे म्हणवत नाही.

जपानची वाट

ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका 1 जानेवारी 1963 रोजी सुरू झाली. डिस्ने व फ्लायशर यांच्या पात्रांचे संस्कार तेझुकांनी उघडपणे मान्य केले होते, आणि ताकाराझुकाच्या स्त्री-रंगभूमीचे भरजरी, चमकदार डोळेही त्यांच्या बालपणापासून ओळखीचे होते. मोठा डोळा येथे केवळ गोंडसपणाची खूण राहिला नाही. चित्रांची संख्या कमी ठेवून, तीच चित्रे साठवून पुन्हा वापरून आठवड्याला एक भाग देण्याची सक्ती असताना, शरीर स्थिर असले तरी डोळ्यांतील प्रकाश, बुबुळांचे थरथरणे आणि पापणीची एक रेषा यांवर सारा भावार्थ तोलून धरता येतो, हे जपानी कलावंतांनी दाखविले. हालचालीचा तुटवडा त्यांनी चेहऱ्याच्या घनतेने भरून काढला.

या डोळ्यांवरून जपानी पात्रे पाश्चात्त्य वंशाची दिसतात, असा आक्षेप पुष्कळ काळ घेतला जात आहे. उलट बाजूचे म्हणणे असे की, जपानी प्रेक्षक त्या चेहऱ्यांना वंशाची खूण न मानता आपलेच मानतो, आणि त्यांत परकेपण पाहणे हा पाहणाऱ्याच्या सवयीचा दोष आहे. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. शिवाय ‘जपानी शैली’ असे एकच नाव देऊन चालत नाही : ‘अकिरा’तील (1988) बारीक डोळ्यांचे, स्पष्ट आशियाई चेहरे, मियाझाकींची ठसठशीत बालके, आणि इसाओ ताकाहाता यांच्या ‘राजकन्या कागुया’तील (2013) विरत जाणारी, जणू कुंचला उचलता उचलता उमटलेली रेषा ही तिन्ही एकाच देशाची आहेत. कागुया प्रासादातून पळत सुटते त्या प्रसंगी तिची आकृती अक्षरशः रेषांच्या झंझावातात विरघळते, आणि पात्राचे रूप ही गोठलेली वस्तू नसून भावनेबरोबर बदलणारी क्रिया आहे, याचे इतके उत्कट प्रत्यंतर मी अन्यत्र पाहिलेले नाही.

नमुन्याचा कागद आणि कराराचा कागद

1989 साली स्वतंत्र मालिका म्हणून सुरू झालेल्या ‘द सिम्पसन्स’ने पिवळी त्वचा, बाहेर आलेले डोळे आणि केवळ सावलीवरून ओळखू येणारी केसांची बाह्यरेषा यांच्या जोरावर एक नवे व्याकरण रूढ केले. पुढील दशकात ‘रेन अँड स्टिंपी’ची विद्रूप, शिरा ताणलेली चित्रे आली, ब्रूस टिम यांचा चौकोनी हनुवटीचा ‘बॅटमॅन’ आला, ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’ व ‘पॉवरपफ गर्ल्स’ यांनी यूपीए आणि बेनेडिक्ट यांचा वारसा प्रेमाने पुन्हा उजळला, आणि ‘समुराई जॅक’ने (2001) तर बाह्यरेषाच टाकून दिली.

या साऱ्यांमागची एक प्रशासकीय बाब सहसा चर्चेत येत नाही. अमेरिकन मालिकांचे प्रत्यक्ष रेखन मोठ्या प्रमाणावर दक्षिण कोरियातील चित्रशाळांकडे जाऊ लागले, आणि मग पात्र सर्व बाजूंनी कसे दिसावे हे ठरविणारी ‘मॉडेल शीट’ ही केवळ मार्गदर्शक चित्रांची पाने न राहता करारनाम्यासारखी झाली. समुद्रापलीकडील, भाषा न जाणणाऱ्या सहकाऱ्याला जे निःसंदिग्धपणे कळेल तेच रूप टिकणार, हे ओघानेच आले. 2010 च्या ‘अ‍ॅडव्हेंचर टाइम’मधील नळीसारखे हात आणि ठिपक्यांचे डोळे यांचा अर्थ लावताना, कथाफलक रेखाटणारे कलावंतच तेथे संवादही लिहीत आणि त्यांना भराभर काढता येईल असे पात्र हवे असे, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

तिसरी मिती

1995 च्या ‘टॉय स्टोरी’त नायक खेळणी होती, हे त्या काळच्या यंत्रांची मर्यादा ओळखण्याचे शहाणपण होय; प्लॅस्टिकचा गुळगुळीतपणा संगणकाला सहज साधत होता, आणि त्याच चित्रपटातील माणसे व कुत्रा आज पाहताना ही मर्यादा लगेच जाणवते. सहाच वर्षांनी ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधील सली सुमारे 23 लाख केसांनिशी पडद्यावर आला. यंत्राची शक्ती वाढली तशी माणूस हुबेहूब घडविण्याची महत्त्वाकांक्षाही वाढली, आणि ‘फायनल फँटसी’ (2001) व ‘द पोलर एक्सप्रेस’ (2004) यांना अनेक प्रेक्षकांकडून नेमकी शिसारीची दाद मिळाली. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 सालीच सांगून ठेवले होते की, कृत्रिम आकृतीचे माणसाशी साम्य वाढत जाता आपुलकी वाढते खरी, पण साम्य जवळजवळ पूर्ण होत आले की ती एकाएकी दरीत कोसळते. त्यावर उपाय म्हणून ‘द इन्क्रेडिबल्स’ने (2004) व्यंगचित्रकाराची अतिशयोक्ती त्रिमितीत आणली.

2018 च्या ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ने या प्रवाहाला जे वळण दिले ते गेल्या दोन दशकांतील सर्वात मोठे होय, असे मी निःशंकपणे म्हणेन. छापील चित्रकथेचे ठिपके, चेहऱ्यावर उमटविलेल्या रेषा, आणि नवखा नायक माइल्स काही प्रसंगी दर दोन चौकटींस एकदाच हलतो तर त्याचा सराईत सोबती दर चौकटीला, अशी योजना : पात्राची अननुभवी अवस्था येथे त्याच्या हालचालीच्या संख्येत लिहिली गेली आहे. त्यानंतर ‘क्लाउस’ (2019), ‘आर्केन’ (2021) आणि ‘पुस इन बूट्स : द लास्ट विश’ (2022) यांनी हाताची खूण आणि यंत्राची शक्ती यांचा संयोग आपापल्या परीने साधला. हीच आता नवी रूढी होऊ पाहत आहे, अशी शंकाही लगोलग व्यक्त झाली आहे.

आजचे वाद

पहिला वाद एकसारखेपणाचा. ‘टँगल्ड’ (2010) आणि ‘फ्रोझन’ (2013) यांतील तरुणींचे चेहरे शेजारी ठेवले असता नाक, गाल व डोळे यांत फारसा फरक नाही, तर त्याच चित्रपटांतील पुरुषांची नाके, जबडे व शरीरे भिन्नभिन्न आहेत, हे टीकाकारांनी दाखवून दिले. आणि यात पुराव्याची बाजू भक्कम आहे. मालिकांविषयीचा तोच आरोप मात्र इतका भक्कम नाही. 2018 साली ‘थंडरकॅट्स’च्या नव्या रूपाची घोषणा झाली तेव्हा कॅलिफोर्नियातील एका कलासंस्थेच्या नावाने सर्व गोलमटोल पात्रांना दूषणे देण्यात आली. पण आरोपितांपैकी मालिकाकार रेबेका शुगर यांचे शिक्षण न्यूयॉर्कमध्ये झाले होते, आणि नमुन्यादाखल फिरविलेली चित्रे स्थिर होती. एकाच क्षणी थांबविलेली हसरी तोंडे सारखी दिसतात. तीच पात्रे चालू लागली, रागावली, पडली की त्यांचे वेगळेपण दिसते. वादाचा बहुतेक पुरावा अशा थांबविलेल्या चौकटींचा आहे, ही त्याची मोठी उणीव मला वाटते.

दुसरा वाद प्रतिनिधित्वाचा. ‘ब्रेव्ह’मधील मेरिडाला 2013 साली व्यापारी मालिकेसाठी सडपातळ कंबर व नटवे डोळे देण्यात आले तेव्हा दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांनी जाहीर हरकत घेतली आणि निषेधाच्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ (2009) आणि ‘सोल’ (2020) या चित्रपटांत कृष्णवर्णीय नायक बराच वेळ मानवी देहाबाहेर असतात, याकडेही लक्ष वेधले गेले. निर्मात्यांच्या बाजूने म्हटले जाते की रूपांतर हा या कलेचा प्राण आहे. आक्षेपकांचे उत्तर असे की तो प्राण वारंवार त्याच वर्णाच्या पात्रांपासून का मागावा. ‘शी-रा’च्या (2018) नव्या रूपावरील चर्चेत तर दोन निकष उघडउघड आपटले : एका बाजूला 1985 च्या मालिकेवर वाढलेल्यांची स्मृती, दुसऱ्या बाजूला आजच्या मुलींचा देहविषयक आत्मविश्वास.

आणि 2019 साली ‘सॉनिक’चे, मानवी दातांचे व बारीक डोळ्यांचे, रूप प्रेक्षकांच्या ओरडीमुळे रद्द करून चित्रपटाची मुदत पुढे ढकलण्यात आली, तेव्हा रूपाचा अंतिम मुखत्यार कोण, हा प्रश्न उभा राहिला. नवे रूप उजवे होते. पण त्या निर्णयाची किंमत अखेर रेखनकारांच्या श्रमांनी मोजली.

आपल्याकडील प्रश्न

दादासाहेब फाळके रविवर्म्याच्या छापखान्यात काम करून चित्रपटाकडे वळले, आणि देवतांच्या ज्या रूपांची सवय त्या छापील तसबिरींनी घरोघरी लावली ती पुढे भारतीय पौराणिक अ‍ॅनिमेशनचीही अघोषित मॉडेल शीट ठरली. 1956 साली डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकविण्यास आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन यांनी पुढे युगो साको यांच्या ‘रामायण’पटात (1992) जपानी रेषा आणि भारतीय वेशभूषा यांची सांगड घालण्याची जबाबदारी पेलली. विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’ने (1974) अगदी साध्या आकृत्यांतून एका पिढीच्या स्मरणात घर केले. त्यानंतर ‘हनुमान’ (2005) आणि ‘छोटा भीम’ (2008) यांच्यापासून देवांना व वीरांना बालरूप देण्याची लाट आली.

या लाटेवर आक्षेप असा की महाकाव्यातील विक्राळ पराक्रम लाडू खाणाऱ्या गुटगुटीत पोरात आटवून टाकला गेला आणि सर्व बालवीरांची डोकी एकाच मापाची झाली. उलटपक्षी, संत एकनाथांच्या गवळणींत रमलेल्या मराठी मनाला बाळकृष्णाचे खोडकर रूप लोरेन्झ यांच्या सिद्धान्तावाचूनच ठाऊक होते. वात्सल्य हा आपल्याकडे भक्तीचाच एक प्रकार आहे, आणि म्हणून बालरूप ही केवळ आयात नव्हे, असेही म्हणता येते. दोन्ही म्हणण्यांत बळ आहे. परंतु बाळकृष्णाची प्रत्येक प्रांताची घडण निराळी असे, आणि मालिकांतील बालवीरांच्या घडणीत ते निराळेपण उमटत नाही, हे मान्य करावे लागते. ‘महावतार नरसिंह’च्या (2025) यशाने आता पारडे पुन्हा भव्य, पिळदार देहांकडे झुकविले आहे.

या दोन टोकांखेरीज तिसरी शक्यता काही कलावंतांनी दाखविली आहे. गीतांजली राव यांच्या ‘बॉम्बे रोझ’मध्ये (2019) प्रत्येक चौकट रंगवून काढलेली असून मुंबईच्या पदपथावरील माणसे, लघुचित्रांतील राजकन्या आणि जुन्या हिंदी चित्रपटांतील नायक एकाच चित्रपटात वेगवेगळ्या रेषांनी वावरतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीच्या पोथ्यांत विशाल डोळ्यांची, एकाच बाजूने दिसणारी, ठसठशीत बाह्यरेषेची पात्रे आहेत, आणि कथेकरी ती एकामागून एक दाखवून गातो. मोजक्या स्थिर चित्रांतून आख्यान उभे करण्याची ही रीत तेझुकांच्या काटकसरीला जितकी जवळ आहे तितकीच आपल्या मालिकांना दूर राहिली आहे. ती रेषा हलविली तर एका बाजूचा चेहरा वळणार कसा, तो वळविण्यासाठी शैली मोडावी की वळणेच टाळावे, आणि आठवड्याच्या मुदतीत हे कोणाला परवडेल, या प्रश्नांची उत्तरे अद्याप कोणत्याही भारतीय मालिकेने दीर्घ काळ काम करून दिलेली नाहीत.